अडॅप्टर लावला की हँडी ट्रान्समिटला अडकते? लाल दिवा नेमका कधी लागतो ते आधी पाहा

गच्चीवर लॅपटॉप, हँडी म्हणजे हातात धरायचा रेडिओ आणि दोघांना जोडणारा घरी बनवलेला यूएसबी अडॅप्टर मांडून अंतराळ स्थानकाची वाट बघत होतो. स्थानकावरचा डिजिपीटर, म्हणजे आलेलं डेटाचं पॅकेट पुन्हा प्रसारित करणारं यंत्र, १४५.८२५ मेगाहर्ट्‌झवर असतो आणि एक फेरी फार तर दहा मिनिटं हाती लागते. पहिलं पॅकेट सुटलं, हँडीचा लाल दिवा लागला आणि तो विझेचना. स्क्रीनवर प्रोग्राम सांगतोय, पाठवून झालं. हँडी मात्र नुसता कॅरिअर, म्हणजे आवाजाशिवायची रिकामी लहर, ओकत बसलेली. घाईघाईत बॅटरी उपसून काढली तोवर अर्धी फेरी संपली होती. शिवाय तेवढा वेळ आसपासच्या बाकीच्या हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींच्या कानावर मीच बसलो होतो, ते वेगळंच.

नंतर हीच तक्रार घेऊन आलेले चार-पाच अडॅप्टर माझ्या टेबलावर आले. आणणाऱ्या प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच, ‘ड्रायव्हर बदलून पाहिला, फरक नाही.’ फरक पडणार कसा? हँडी अडकण्याशी ड्रायव्हरचा संबंध क्वचितच असतो. मी आता उलटा प्रश्न विचारतो, दिवा कधी लागतो? हँडीत प्लग खुपसताक्षणी, यूएसबीचं टोक मोकळं असताना, प्रोग्राम उघडताना, की पहिलं पॅकेट गेल्यावर? या चार वेळांची कारणं चार आहेत आणि उपायही चार.

खालचं सगळं केनवूड पद्धतीच्या दोन पिनांच्या जोडणीबद्दल आहे, म्हणजे एक २.५ मिलिमीटरचा प्लग आणि एक ३.५ चा. बाओफेंग यूव्ही-५आर आणि तिच्या भावंडांना हीच जोडणी असते. अडॅप्टर म्हणजे साधाच: सीएच३४० किंवा सीपी२१०२ चं सिरियल मॉड्यूल, सीएम१०८ जातीचं स्वस्त यूएसबी साउंड कार्ड आणि मध्ये थोडे रेझिस्टर-कपॅसिटर. परवाना असलेल्यांसाठी लिहितोय हे सांगायला नकोच.

प्लग खुपसताच दिवा लागतो

ही चूक मी स्वतः केली आहे, त्यामुळे हसण्याचा अधिकार नाही. ऑडिओचं काम केलेल्या माणसाच्या हाताला सवय असते की प्लगची स्लीव्ह, म्हणजे मुळाकडचा धातूचा भाग, हेच ग्राउंड. इथे ते अर्धंच खरं. ग्राउंड आहे ती २.५ च्या प्लगची स्लीव्ह. ३.५ च्या प्लगची स्लीव्ह ही पीटीटीची, म्हणजे बोलताना दाबायच्या बटणाची, तार आहे. या दोन स्लीव्ह एकमेकींना टेकल्या की हँडी ट्रान्समिटवर जाते. बाहेरच्या स्पीकर-माइकवरचं बटण हेच करतं.

आता साउंड कार्डाकडे बघा. माइकची वायर एका प्लगला, हेडफोनची दुसऱ्या प्लगला, दोन्हींचं ग्राउंड आपापल्या स्लीव्हला. कागदावर अगदी नीटनेटकं. पण बहुतेक साउंड कार्डांत माइक आणि हेडफोन यांचं ग्राउंड आतून एकच असतं. म्हणजे आपण दोन्ही स्लीव्ह कार्डाच्या पोटातून जोडून टाकल्या. बटण कायमचं दाबलेलं.

बरोबर जोडणी अशी: हँडीचा आवाज २.५ च्या टिपवर (टोकावर) मिळतो, तो कार्डाच्या माइक इनपुटला. कार्डाचा हेडफोन आउटपुट ३.५ च्या रिंगला (मधल्या कड्याला), कारण हँडीचा माइक तिथे आहे. दोन्हींचं ग्राउंड २.५ च्या स्लीव्हला, फक्त तिथेच. ३.५ च्या स्लीव्हवर ऑडिओचं काहीही येता कामा नये. ३.५ ची टिप मोकळी ठेवा, पण तिच्यावर हीटश्रिंकची नळी चढवा, नाहीतर ती डब्यात कुठेतरी टेकेल.

याच चुकीचा एक चोरटा अवतार आहे. कुणी देखणा ॲल्युमिनियमचा डबा आणतो, त्यावर दोन धातूचे सॉकेट बसवतो आणि सॉकेटच्या नटांमधून दोन्ही स्लीव्ह डब्यामार्फत जोडल्या जातात. वायरिंग तपासून तपासून माणूस थकतो आणि दोष असतो डब्याच्या पत्र्यात. प्लास्टिकची डबी वापरा, किंवा निदान ३.५ च्या सॉकेटला फायबरचा वॉशर घाला.

तपासणीला हँडी लागतही नाही. हँडी बाजूला ठेवा, मल्टिमीटर ओहमवर लावा आणि अडॅप्टरच्या दोन स्लीव्हमध्ये मोजा. यूएसबी काढलेलं असताना आणि लावलेलं पण प्रोग्राम बंद असताना, दोन्ही वेळा जवळजवळ उघडं सर्किट दिसलं पाहिजे. काही शे ओहम दिसले तरी हँडी लावू नका.

प्लग कुठून आणायचे हा प्रश्न लोक फार विचारतात. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटे प्लग मिळतात, पण दोन्ही नेमक्या अंतरावर एकत्र बसवणं हे कटकटीचं काम. सोपा मार्ग म्हणजे हँडीबरोबर खोक्यात येणारा इयरफोन कापा, नाहीतरी तो कुणी वापरत नाही. मात्र त्याच्या तारा लाखेच्या असतात. वर रंगीत लाख आणि आत नायलॉनच्या धाग्याभोवती केसासारखी तांबं. लाख न जाळता डाग दिला तर डाग चकचकीत दिसतो आणि संपर्क शून्य. सोल्डरिंगच्या लोखंडाच्या टोकावर कथलाचा मोठा थेंब घ्या आणि तारेचं टोक त्यात चार-पाच सेकंद बुडवून ठेवा. धूर निघून तार चंदेरी झाली की लाख गेली. मग मल्टिमीटरने प्लगपर्यंत सातत्य तपासा. रंगांवर विश्वास ठेवू नका. माझ्याकडच्या दोन इयरफोनांत लाल तार दोन वेगळ्या ठिकाणी जात होती.

आणखी एक, प्लग पूर्ण आत बसतो का ते पाहा. प्लास्टिकचा गळा जाड असेल तर तो हँडीच्या कडेला अडतो आणि प्लग केसभर बाहेर राहतो. मग रिंगच्या जागी स्लीव्ह टेकते. ब्लेडने गळा थोडा तासावा लागतो. प्लग सरकत आत जातानाही क्षणभर नको ते संपर्क होतात, म्हणून हँडी बंद करूनच लावायची आणि काढायची.

यूएसबीचं टोक मोकळं असतानाच दिवा लागतो

हे पाहून लोक घाबरतात, कारण कॉम्प्युटरच जोडलेला नाही तर हुकूम दिला कुणी? कुणीच दिलेला नाही. पीटीटीच्या तारेवर हँडी आतून थोडं व्होल्टेज ठेवते आणि ते खाली ओढलं गेलं की ट्रान्समिट. प्रोग्रामिंगच्या डेटाची एक तारही याच ३.५ च्या स्लीव्हवर येते. साध्या अडॅप्टरमध्ये सिरियल चिपची पिन थेट इथे जोडलेली असते. चिपला वीज नसते तेव्हा पिनेतले संरक्षक डायोड ते व्होल्टेज चिपच्या मेलेल्या सप्लायकडे वाहू देतात. व्होल्टेज कोसळतं आणि हँडीला वाटतं बटण दाबलं.

तात्पुरता उपाय म्हणजे आधी यूएसबी, मग हँडी, आणि काढताना उलट क्रम. कायमचा उपाय ऑप्टोकपलर, म्हणजे आतल्या एलईडीच्या उजेडाने चालणारा स्विच. पीसी८१७ घ्या, चार पायांचा, दहा-पंधरा रुपयांच्या आत मिळतो. कलेक्टर ३.५ च्या स्लीव्हला, एमिटर २.५ च्या स्लीव्हला. आतला एलईडी पेटल्याशिवाय पीटीटी लागत नाही, आणि वीज नसेल तर एलईडी पेटणार कसा? प्रोग्रामिंगची डेटा तार वेगळ्या छोट्या स्विचमधून न्या. रोजच्या डिजिटल कामात ती तोडलेलीच असू द्या.

प्रोग्राम उघडताना, किंवा कॉम्प्युटर सुरू होताना दिवा लागतो

इथे बहुतेक जण ऑप्टोकपलर लावूनही फसतात. सिरियल पोर्ट उघडला की लिनक्स डीटीआर आणि आरटीएस या पोर्टच्या दोन्ही इशाऱ्याच्या तारा एकदम चालू करतो. मोडेमच्या जमान्याची ती रीत आहे. तुमची पीटीटी आरटीएसवर असेल तर पोर्ट उघडणारा कुणीही हँडी ट्रान्समिटवर टाकणार. आणि पोर्ट उघडणारे तुम्ही एकटेच नसता. मोडेममॅनेजर नावाची सेवा नवं सिरियल यंत्र दिसलं की ‘तू मोडेम आहेस का रे?’ असं विचारायला जाते. बिचारी हँडी उत्तरादाखल काही सेकंद कॅरिअर देते. ती सेवा लागत नसेल तर काढून टाका. उबुंटू २२.०४ वर सीएच३४० चा पोर्ट दिसून लगेच गायब होत असेल तर अंधांसाठीच्या ब्रेल यंत्राची बीआरएलटीटी ही सेवा त्याला आपलं यंत्र समजून पळवते. तीही गरज नसेल तर काढा.

पण सेवा काढत बसणं म्हणजे भोकं बुजवत फिरणं. ज्यांना मंडळी काका म्हणतात असे आमच्याकडे एक जुने हॅम आहेत. त्यांना फोन केला तर म्हणाले, ‘अरे, एलईडी ग्राउंडला कशाला बांधतोस? दोन तारांच्या मध्ये टांग की!’ दोन मिनिटं कळलंच नाही. मग कागदावर काढून पाहिलं आणि स्वतःवरच चिडलो, इतकं सोपं होतं ते.

मॉड्यूलवर डीटीआर आणि आरटीएस उलट्या चालतात. बंद म्हणजे पिन वर, चालू म्हणजे पिन खाली. ऑप्टोच्या एलईडीचा ॲनोड आरटीएस पिनेला आणि कॅथोड रेझिस्टरमधून डीटीआर पिनेला जोडा. आता पोर्ट बंद असताना दोन्ही पिना वर, मध्ये फरक नाही, एलईडी बंद. कुणी पोर्ट उघडला तर दोन्ही खाली, तरीही फरक नाही, एलईडी बंद. वीज गेली तर प्रश्नच नाही. डीटीआर चालू आणि आरटीएस बंद, ही एकच स्थिती अशी की एलईडी पेटतो. ती चुकून होत नाही, कुणीतरी मुद्दाम करावी लागते. ऑल-इन-वन केबल या नावाचा जो खुला प्रकल्प आहे, त्याच्या फर्मवेअरमध्येही पीटीटीची अट हीच ठेवली आहे.

रेझिस्टर ३.३ व्होल्टच्या मॉड्यूलला ३३० ओहम आणि ५ व्होल्टच्याला १ किलोओहम पुरतो. चार-सहा मिलिअँपिअर वाहतो आणि पीटीटीला तेवढा भरपूर. डायरवुल्फ हा पॅकेटचा प्रोग्राम वापरत असाल तर पीटीटीच्या ओळीत पोर्टच्या नावापुढे डीटीआर लिहा आणि त्यानंतर उणे चिन्ह लावून आरटीएस. उणे म्हणजे उलट. शांत असताना एलईडीवर उलटं व्होल्टेज येईल, पण पीसी८१७ चा एलईडी ६ व्होल्टपर्यंत उलटं सोसतो, आपलं पाचाच्या वर जात नाही.

पहिलं पॅकेट गेलं आणि मग दिवा विझला नाही

गच्चीवर माझं झालं होतं ते हे, आणि सगळ्यांत जास्त वेळ यानेच खाल्ला. कारण टेबलावर सगळं ठीक चालायचं.

दुसऱ्या एखाद्या सेटवर स्वतःचंच ट्रान्समिशन ऐका. प्लग लावल्यावर हँडीचा स्पीकर बंद होतो, म्हणून दुसरा सेट. मला ऐकू आलं ते असं: पॅकेटचा खरखरता आवाज, तो मध्येच तुटला आणि पुढे नुसती शांतता. रिकामा कॅरिअर. याचा अर्थ आवाज पाठवणारं साउंड कार्डही मेलं आणि पीटीटी सोडण्याचा हुकूमही पोचला नाही. सिरियल चिप मात्र शेवटचा हुकूम इमानदारीने पाळत राहिली. लिनक्सवर कर्नलच्या नोंदी उघडल्या तर तिथे सरळ लिहिलेलं होतं की हबने पोर्ट बंद केला, आणि पुढे कंसात ईएमआय आणि प्रश्नचिन्ह. रेडिओ लहरींचा उपद्रव तर नाही ना, अशी शंका खुद्द कर्नलच घेत होता आणि मी तीन संध्याकाळी ड्रायव्हर बदलत होतो.

कारण समजून घेतलं तर उपाय आपोआप सुचतात. हँडीचा रबरी अँटेना हा अर्धाच अँटेना. उरलेला अर्धा म्हणजे हँडीचा देह आणि ती धरणारा हात. तिला यूएसबीची वायर जोडली की ती वायरच दुसरा अर्धा बनते. १४५ मेगाहर्ट्‌झला पाव तरंगलांबी सुमारे ५२ सेंटिमीटर. आणि आपण अडॅप्टरची वायर किती ठेवतो? अर्धा मीटर, सुटसुटीत म्हणून! चार-पाच वॉटची लहर त्या वायरच्या अंगावरून थेट लॅपटॉपच्या पोर्टात शिरते.

आरएफचाच, म्हणजे रेडिओ लहरींचाच, दोष आहे याची खात्री डमी लोडने होते, म्हणजे अँटेनाच्या जागी लावायच्या रेझिस्टरने. अँटेना काढा, ५० ओहमचा डमी लोड लावा, पॉवर लो करा. १०० ओहमचे दोन वॉटचे दोन रेझिस्टर समांतर जोडले तरी काम भागतं, फक्त तारेच्या वेटोळ्याचे वायरवाउंड नकोत. लोडवर अडकणं थांबलं तर आरएफ. लोडवरही अडकत असेल तर वरच्या तीन कारणांकडे परत जा. दुसरी चाचणी आणखी सोपी. प्रोग्राम बंद ठेवा, अँटेना लावा, आपल्याच कॉलसाइनने हँडीचं स्वतःचं बटण दाबा आणि बघा यूएसबी सुटतं का. सुटलं तर तुमच्या वायरिंगचा काही गुन्हा नाही.

सगळ्यांत मोठा फरक पडला अँटेना दूर नेल्याने. हँडीपासून पाच मीटर कोॲक्स केबल आणि तिच्या टोकाला छपराच्या कठड्यावर साधा अँटेना. एवढ्याने निम्मी मंडळी सुटतात. ज्यांना अँटेना हँडीवरच हवा त्यांनी फेराइट, म्हणजे वायरवरच्या लहरी अडवणारी कडी, लावायचे, पण कोणतेही नाहीत. फेराइटला मिश्रणाचा क्रमांक असतो. दोन मीटरसाठी, म्हणजे या १४५ च्या बँडसाठी, ४३ क्रमांकाचं चांगलं. जुन्या मॉनिटरच्या वायरीवरून काढलेलं फुकटचं फेराइट चालतं कधीकधी, पण ते कुठल्या मिश्रणाचं हे देवालाच ठाऊक. एक फेराइट हँडीच्या टोकाला, एक लॅपटॉपच्या, आणि वायर नुसती आरपार न नेता तीन वेढे घ्या. वेढे दुप्पट केले की अडथळा साधारण चौपट होतो, म्हणून मोठ्या भोकाचं एक फेराइट लहान भोकाच्या तिघांना भारी पडतं. त्याशिवाय ३.५ च्या रिंगपासून ग्राउंडला १०० पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, पाय अगदी आखूड ठेवून. इथे मोठा कपॅसिटर जास्त चांगला असं वाटतं, पण दोन मीटरवर लांब पायांचा ०.१ मायक्रोफॅरड जवळपास निरुपयोगी.

आवाजाच्या पातळीचाही इथे संबंध येतो. माइकला काही मिलिव्होल्ट पुरतात आणि कार्ड जवळपास व्होल्टभर देतं. १० किलोओहम आणि १०० ओहमचा विभाजक घाला. शिवाय रिंगवर माइकसाठीचं डीसी व्होल्टेज असतं, ते अडवायला मालिकेत ०.१ मायक्रोफॅरड. विभाजक नसेल तर टोन चिरडले जातात, १२०० आणि २२०० हर्ट्‌झ वेगळे ओळखू येत नाहीत आणि पलीकडून उत्तर येत नाही. मग माणूस पॉवर वाढवतो, आणि आरएफचा त्रास नव्याने सुरू.

हँडीतच एक विमा आहे तो उतरवून ठेवा. यूव्ही-५आरच्या ९ क्रमांकाच्या मेन्यूत टीओटी आहे, म्हणजे सलग ट्रान्समिटची मर्यादा. ती १५ सेकंदांवर आणा. पॅकेटला एक-दोन सेकंद पुष्कळ झाले. अडॅप्टर कितीही बिघडला तरी हँडी पंधरा सेकंदांत गप्प होईल. तिथेच असताना ३ क्रमांकाचं बॅटरी सेव्ह आणि ७ क्रमांकाचं दुहेरी ऐकणं बंद करा, त्यांच्यामुळे येणाऱ्या पॅकेटचं डोकं कापलं जातं. व्हॉक्स, म्हणजे आवाज आला की आपोआप ट्रान्समिट, वापरून पीटीटीची भानगडच टाळावी असं काही जण म्हणतात. व्हॉक्स आवाज थांबल्यावरही रेंगाळते, तेवढ्यात समोरचं उत्तर येऊन गेलेलं असतं.

ड्रायव्हरचं राहिलं. तो दोषी ठरतो तेव्हा दिवा लागत नाही, पोर्टच चालत नाही. मी पहिली तयार केबल ऑनलाइन मागवली होती, आत पीएल२३०३ या सिरियल चिपची नक्कल निघाली आणि विंडोजने कोड १० दाखवून हात वर केले. जुना ड्रायव्हर शोधून टाकला की ती चालते, पुढच्या अपडेटला परत पडते. दोनदा ते केलं आणि तिसऱ्यांदा सीपी२१०२ चं मॉड्यूल आणलं. चर्प हा हँडीचं प्रोग्रामिंग करणारा प्रोग्राम ‘रेडिओने उत्तर दिलं नाही’ म्हणत असेल तर मॉडेल बरोबर निवडलंय का आणि प्लग शेवटपर्यंत आत गेलाय का हे आधी बघा. दहातल्या नऊ वेळा असं म्हणणार होतो, पण मोजलेलं नाही. माझ्या बाबतीत तरी दर वेळी प्लगच होता.

सध्या माझा अडॅप्टर दोन मीटरवर पूर्ण पॉवरला तासन्‌तास चालतो. ७० सेंटिमीटरवर नाही. ४३५ मेगाहर्ट्‌झला पाव तरंगलांबी १७ सेंटिमीटरच्या आसपास येते, म्हणजे हँडीपासून डबीपर्यंतचा आखूड तुकडाच अँटेना होऊन बसतो, आणि ४३ चं फेराइट तिथे पुरेसं पडत नाही. तिथे ६१ क्रमांकाचं लागतं आणि ते मागवलंय. तोवर त्या बँडवर मी लो पॉवरवरच आहे.